घरच्या मेथीचा हिशेब

संक्रांत होऊन गेल्यावर गावी गेलो, तर शाळेच्या पटांगणावर आनंदनगरी भरलेली. जिल्हा परिषदेच्या शाळांत हल्ली हे सगळीकडेच असतं. लेकरं दुकानं मांडतात, गाव गिऱ्हाईक होतं, सरपंच फीत कापतात आणि सगळ्यांत आधी फुकटची भेळ तेच खातात. सकाळी पाणी मारलेल्या मातीचा वास, त्यात कुणाच्या तरी भज्यांच्या तेलाचा, मधूनच चिरलेल्या कोथिंबिरीचा. कुणी पोतं अंथरलेलं, कुणी आजीची गोधडी, तर कुणी वर्गातला बाकच उचलून आणलेला. बोरं, पेरू, हरभऱ्याचे ढाळे, उकडलेल्या शेंगा, चहा, आईनं पहाटे उठून करून दिलेल्या इडल्या. माझी पुतणी पाचवीत आहे. ती मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती आणि एरवी पाहुण्यांसमोर तोंडातून शब्द न काढणारी ही पोरगी "या काका, या मावशी, दहाला दोन, दहाला दोन" असं सगळं पटांगण ऐकेल इतक्या जोरात ओरडत होती. मीही चार जुड्या घेतल्या. तिनं वीस रुपये मोजून घेतले, घरचा माणूस म्हणून एकही जास्तीची दिली नाही.

दुपारी गुरुजींनी माईक घेतला. एकेकाला पुढं बोलावून तेच तीन प्रश्न: भांडवल किती, विक्री किती, नफा किती. पुतणी म्हणाली, "विक्री दोनशे चाळीस. भांडवल काहीच नाही सर, मेथी घरचीच." "मग नफा?" "दोनशे चाळीस!" टाळ्या पडल्या, पहिला नंबर, स्टीलचा डबा. तिच्यानंतर एक किरकोळ अंगाचा पोरगा आला. त्याची भेळ होती. मुरमुरे, फरसाण, चिंच असं दोनशेचं सामान, विक्री दोनशे साठ. आणि नफा सांगताना तो अडखळत म्हणाला, "चाळीस, सर. कांदे घरचे होते, पण त्याचे वीस धरलेत." पटांगणात हशा पिकला. गुरुजींनीही हसून त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या नावाकडे वळले. त्याला बक्षीस नव्हतं.

हे मला दोन-तीन दिवस डोक्यातून काढता येईना.

विहिरीमागं भावानं चार वाफे मेथी केलेली आहे. बी सेलूच्या कृषी केंद्रातून विकत आणलेलं. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, म्हणून भाऊ बारा-एकच्या सुमारास कानाला मफलर गुंडाळून, बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जायचा आणि वाफे भरेपर्यंत बांधावर बसायचा. भावजय पहाटे दंव असतानाच मेथी उपटायला बसली, कारण ऊन चढलं की पाला मान टाकतो. मुळांची गार माती झाडून, सारखं करून जुडी बांधायची. तिची बोटं पांढरी पडली होती, चुलीपुढं हात धरून बसली तेव्हा मी बघितली. पुतणीनंही शाळेच्या आधी तासभर जुड्या बांधल्या. या सगळ्याची किंमत माईकवर शून्य निघाली. भेळवाल्याच्या कांद्याला जो मान मिळाला तो बियाला नाही, विजेला नाही, आईच्या पहाटेला तर नाहीच.

यात पोरीला काय म्हणायचं? शेतमालाचा खर्च कसा मोजायचा यावर या देशात मोठमोठ्या माणसांचं अजून एकमत नाही. कृषी खर्च व मूल्य आयोग हा खर्च वेगवेगळ्या तऱ्हेनं काढतो. शेतकऱ्याच्या खिशातून प्रत्यक्ष गेलेला पैसा म्हणजे ए-टू. त्यात घरच्या माणसांची मजुरी धरली की ए-टू अधिक एफएल. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड, स्वतःच्या भांडवलावरचं व्याज हेही धरलं की सी-टू. स्वामिनाथन आयोगानं २००६ साली उत्पादन खर्चावर किमान पन्नास टक्के वाढवून हमीभाव द्या असं सांगितलं. पुढं सगळं अडलं ते खर्च कोणता धरायचा यावर. सरकार दीडपट म्हणतं ते मधल्या हिशेबाच्या, शेतकरी संघटना मागतात ते शेवटच्या हिशेबाच्या. आमच्या गुरुजींनी तर ए-टूसुद्धा पुरतं धरलं नाही, बियाचे पैसेही सोडून दिले. आणि हमीभाव कागदावर असला तरी मोंढ्यात तो मिळेलच असं कुठं आहे? २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि दिवाळीच्या तोंडावर आडतीवर भाव त्याच्या बराच खाली चालला होता. ज्याला सणासाठी पैसा पाहिजे होता त्यानं पोती नेली, टाकली आणि पट्टी, म्हणजे आडत्यानं लिहून दिलेला विक्रीचा हिशेब, घेऊन घरी आला.

माझं गणित या पट्टीवर झालं. शाळेत बेरीज शिकलो असेन, वजाबाकी मात्र वडिलांनी शिकवली आणि तीही शिकवायची म्हणून नव्हे. त्यांना सही करता यायची, बारीक अक्षर वाचता यायचं नाही. तूर किंवा ज्वारी मोंढ्यात घालून आले की टोपी खुंटीला लावायच्या आधी कोटाच्या आतल्या खिशातून तो पातळ, घडी पडलेला कागद काढायचे आणि माझ्यासमोर धरायचे. "वाच." मी कंदिलापाशी उकिडवा बसून वाचायचो. वजन इतकं, भाव इतका, एकूण इतके. इथपर्यंत आवाज चढलेला असायचा, कारण तो आकडा मोठा असायचा आणि मला त्या आकड्यात जत्रा, नवी चप्पल, कंपासपेटी असं बरंच काही दिसायचं. मग खाली सुरू व्हायचं. हमाली वजा. तोलाई वजा. आषाढात घेतलेली उचल वजा. उचलीवरचं व्याज वजा. आवाज आपोआप खाली यायचा. आई चुलीपाशी भाकरी थापत असायची आणि शेवटच्या आकड्याला तिची थाप क्षणभर थांबायची. वडील कागद परत घ्यायचे, पुन्हा तशीच घडी घालायचे आणि म्हणायचे, "बराबर हाय."

बरोबर होतं की नाही, हे तपासायला आमच्याकडं काय होतं? आडत्याच्या वहीत जे होतं तेच खरं. पण एक आहे, घरातल्या प्रत्येकाला, मला, बहिणीला, चुलीपाशी बसलेल्या आईला, तो शेवटचा आकडा माहीत असायचा. जत्रेला खर्ची म्हणून एक रुपया मिळाला तर एकच का मिळाला, हे सांगावं लागायचं नाही.

कापसाचं वेगळं होतं. तेव्हा एकाधिकार खरेदी होती, १९७२ पासूनची. कापूस घालायचा तो सरकारी केंद्रावरच. मानवतच्या जिनिंगसमोर गाड्यांची रांग लागायची, बैल सोडून लोक गाडीखालीच झोपायचे. मीही एकदा वडिलांबरोबर तसा झोपलो आहे, रात्रभर नाकातोंडात कापसाचे तंतू आणि शेजारच्या गाडीवाल्याच्या बिडीचा धूर. कापूस मोजून दिला तरी हातात पैसा नाही. चुकारा नंतर यायचा, आणि कधी यायचा ते कुणालाच ठाऊक नसायचं. चुकारा आला की कपडे, चुकारा आला की दवाखाना, चुकारा आला की मामाच्या गावाला जाऊ. आमच्या लहानपणी कॅलेंडरला महिने नव्हतेच म्हटलं तरी चालेल. पैसा वर्षात दोनदा, फार तर तीनदा यायचा, तोही एकदम. आणि मधल्या दिवसांत किराणा दुकानदाराची लाल कापडाची वही होती. मला आई पाठवायची. पावशेर तेल, गूळ, चहाची पुडी. "मांडून ठेवा म्हणावं." दुकानात चार माणसं उभी असली की मी मुद्दाम मागं थांबायचो, गर्दी ओसरली की बोलायचो. दुकानदार तसा भला होता, कधी नाही म्हटलं नाही, पण पेन कानामागून काढताना एक क्षण घ्यायचा. त्या एका क्षणात मी पैशाबद्दल जे शिकलो ते मला कुणाला शिकवता येईल असं वाटत नाही, आणि शिकवावं असंही वाटत नाही.

म्हणून मुलांना पैशाचं वळण कसं लावावं यावरचे सल्ले वाचताना मला जरा मौज वाटते. दर महिन्याला ठरलेली रक्कम द्या, तिचे तीन भाग करायला सांगा, एक खर्चाचा, एक बचतीचा, एक दानाचा. उत्तम आहे. माझ्या मुलीच्या बाबतीत मी तेच करतो, कारण माझा पगार एक तारखेला होतो आणि तिचा खाऊही त्याच सुमाराला. पण भावाच्या घरी एक तारीख नसते. तिथं सोयाबीन निघतं तेव्हा पैसा असतो, हरभरा निघतो तेव्हा असतो, पाऊस परतला नाही किंवा परतीच्या पावसानं गंजी भिजवली तर नसतो. पुतणीला शिकायचंय ते वेगळं आहे. एकदम आलेला ढीग दहा महिने कसा पुरवायचा, त्यातलं आपलं किती आणि देण्याचं किती, बियाण्यासाठी काढून ठेवलेल्या पैशाला लग्नाच्या आहेरासाठी हात लावायचा की नाही. हे मोठ्यांनाच जमत नाही. महिन्याच्या खाऊवर वाढलेल्या माझ्या मुलीला तर हा प्रश्नच कळणार नाही.

आजीचा हिशेब आमच्याहून अवघड होता. ती निजामाच्या राज्यातली. तिच्या लहानपणी बाजारात दोन रुपये होते, एक चारमिनार छापलेला हाली आणि एक इंग्रजांचा कलदार. सात हालीला सहा कलदार. संस्थान १९४८ ला गेलं तरी हाली लगेच गेला नाही, त्याचं चलन पुरतं बंद झालं १९५९ मध्ये, आणि मध्येच १९५७ ला नवे पैसे येऊन आण्यांची वाट लागली. ही बाई एक दिवस शाळेत गेली नव्हती. पण पदराच्या गाठीतली चिल्लर बोटांनी चाचपत हालीचे कलदार, कलदाराचे आणे आणि आण्याचे नवे पैसे तोंडी करायची, भाजीवाल्याची चूक काढायची आणि वर त्याच्याकडून एक मिरची घ्यायची. आम्हाला तिनं बसवून काही शिकवलं नाही. बाजाराला नेलं, बस्स. पिशवी धरायला म्हणून नेलं आणि आम्ही पिशवी धरून ऐकलं.

शाळेत संचयिका होती. गुरुजींकडं एक लांब वही, शनिवारी दहा पैसे, चाराणे द्यायचे, ते नावापुढं मांडायचे. वर्षाअखेरी परत मिळायचे तेव्हा आपलेच पैसे बघून लॉटरी लागल्यासारखं वाटायचं. बचत चांगली, उधळपट्टी वाईट, थेंबे थेंबे तळे साचे. फळ्यावर सुविचार लिहून व्हायचा. पैसे कुठं ठेवायचे हे मात्र कधी कुणी सांगितलं नाही. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत गावोगाव ज्यांनी शटर ओढलं त्या पतसंस्था आणि मल्टीस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या पतसंस्था, यांत पैसे ठेवणारे लोक उधळे नव्हते. उलट चांगले वळणाचे, काटकसरीचे, संचयिकेतून तयार झालेले होते. माझ्या नात्यातल्या एका मावशीनं ऊसतोडीच्या सहा-सात हंगामांत साठवलेले पैसे मुलीच्या लग्नासाठी अशाच एका ठिकाणी ठेवले, कारण बँकेपेक्षा व्याज बरंच जास्त होतं आणि काउंटरला काच होती, एसी होता, टोकनचं यंत्र होतं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, ते २०२० च्या फेब्रुवारीपासून एक लाखाचं पाच लाख झालं, आणि हे संरक्षण पतसंस्थेला नसतं. एवढी दोन वाक्यं सातवीच्या पुस्तकात असती तर मावशीच्या लेकीनं ती घरी वाचून दाखवली असती. लेकी वाचून दाखवतात. मी पट्टी वाचायचो तशी.

माझी मुलगी नांदेडला आठवीत आहे. ती हिशेबात कच्ची नाही. तिला दहा वर्षं पूर्ण झाली तेव्हा तिच्या नावानं खातं उघडलं. अल्पवयीन मुलांना दहा वर्षांनंतर स्वतः खातं चालवता येतं, रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्येच तशी मुभा दिली आहे. सुकन्या समृद्धी योजनेचं खातं तर ती दहा वर्षांची होण्याच्या आधीपासून आहे, तिच्या आजीनं मागं लागून उघडायला लावलेलं. पण पैसा तिनं फारसा पाहिलेला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात माझ्या फोननं ती वही-पेन आणते, डबीतून बाई बोलते, इतके रुपये मिळाले, आणि झालं. कुणाच्या हातातून काही कमी झालं असं दिसत नाही. मी एकदा मुद्दाम तिच्या हातात नोटा देऊन भाजी आणायला पाठवलं तर ती सुट्टे मोजताना इतकी गोंधळली, की भाजीवाली मावशी म्हणाली, "राहू दे बाई, फोनच मार."

यात काही फार बिघडलं असं मला वाटत नाही. आण्यांच्या काळातल्या माणसाला आमचंही वाटलं असेल. मला खुपतं ते निराळंच. आम्ही, म्हणजे पगारदार, पैशाचं बोलणं मुलांसमोर करत नाही. गृहकर्जाचा हप्ता किती, भावाला बियाण्यासाठी दिले ते किती, आईच्या ऑपरेशनला कुणाकडून घेतले, हे सगळं मुलगी झोपल्यावर, टीव्हीचा आवाज वाढवून. लेकरांच्या डोक्याला ताप नको. आणि मग तिलाच सांगायचं की पैसा जपून वापर. कशातून जपून? तिला वरचा आकडा तरी कुठं माहीत आहे, खालची वजाबाकी तर दूरच.

गावात घरं लहान असल्यानं लेकरांपासून काही लपत नाही असं आपण म्हणतो. तेही खरं नाही. आकडा लपतोच. बँकेचं कर्ज सातबाऱ्यावर असतं, ते सगळ्यांना दिसतं. सावकाराचं फक्त घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला ठाऊक. आमच्या शेजारच्या गावात एक माणूस गेला, कसा ते आपल्या भागात लिहावं लागत नाही. तेराव्यानंतर एकेक जण दारात येऊन बसायला लागला. तेव्हा बायकोला कळलं, बारावीतल्या पोराला कळलं. "आम्हाला सांगितलं असतं तर" एवढंच ती बाई म्हणत राहिली. सांगितलं असतं तर काय झालं असतं, मला माहीत नाही. पण तिला तेवढं म्हणण्याचा हक्क होता.

तर मेथी. रात्री जेवताना मी भावाजवळ विषय काढला. म्हटलं, पोरीला बसवून खरा हिशेब करून दाखव की. बी, पाणी, तुझी रात्र, तिच्या आईची सकाळ. भावानं भाकरीचा घास भाजीत बुडवून तसाच धरून ठेवला. "कामून दादा? तोटा निघंल ना."

"निघू दे की."

"मग तिनं काय करावं?" तो म्हणाला. "पाचवीतली पोरगी हाय. दोनशे चाळीस रुपये कमवले म्हणून नाचत घरी आली. तिला म्हणू, बाई, तुला तोटा आला? आन् मेथीत तोटा म्हणलं की ती उद्या सोयाबीनचं विचारंल. परवा कापसाचं. मी ते कधी मांडून बघितलं नाही. तू बघितलंस, तू नांदेडला गेलास."

तो हे चिडून बोलला नाही. वरणात तिखट कमी आहे हे ज्या सुरात सांगावं त्या सुरात बोलला. मला उत्तर सुचलं नाही, कारण ते खरं होतं. कंदिलापाशी बसून पट्टी वाचणारा मी होतो. तो तेव्हा आईच्या मांडीवर झोपलेला असायचा. वजाबाकी ज्याच्या नजरेखालून गेली तो शिकून बाहेर पडला आणि ज्याला ऐकायला मिळाली नाही त्यानं शेत सांभाळलं, वडिलांना सांभाळलं, आणि आजही मी गावी गेलो की घरच्या तुरीची डाळ, घरचं तिखट, घरची ज्वारी गाडीत भरून देतो. त्याचा भाव मी कधी विचारत नाही. विचारला तर त्याला राग येईल. आणि समजा पुतणीनं लहानपणीच सगळं नीट मांडायला शिकलं, घरच्या कांद्याचे वीस रुपये धरणाऱ्या त्या पोरासारखं, तर वीस वर्षांनी या वाफ्यांत मेथी कोण करील? पैशाची जबाबदारी शिकवायची म्हणजे प्रत्येक वेळी गाव सोडायलाच शिकवायचं का? मी यावर परतीच्या प्रवासात मानवत रोडपासून पूर्णेपर्यंत विचार करत बसलो आणि पूर्णेला चहा घेतला, एवढीच प्रगती झाली.

पण त्या रात्री स्वयंपाकघरातून भावजयीचा आवाज आला होता. ती माझ्यासमोर फारशी बोलत नाही, पदर सावरून आतूनच म्हणाली, "तोटा निघू द्या नाही तर फायदा, माझी मजुरी किती धरायची तेवढं तरी इचारा. खुरपायला बाई तीनशेला मिळंना गेलीय."

भाऊ हसला. "आता हिला बी मजुरी पाहिजे."

"द्यायची कोन म्हणालंय? लिहायची म्हणाले."

मला वाटतं या घरात पैशाचं खरं शिक्षण जे काही चाललं आहे ते तिच्याकडंच चाललं आहे, आणि आनंदनगरीच्या पुष्कळ आधीपासून. ती बचत गटात आहे. महिन्याच्या बैठकीला बारा-तेरा बाया मारुतीच्या पारामागच्या ओसरीत बसतात. प्रत्येकीचे शंभर रुपये, उशीर झाला की दहा दंड, कर्जाला शेकडा दोन. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लिखापढी, ही गटांची पंचसूत्री; त्यातल्या शेवटच्या सूत्रापाशी या गटाची गाडी अडायची, कारण सचिव बाईला चष्मा लागलाय आणि तो घ्यायचा राहून गेलाय. म्हणून गेल्या वर्षापासून माझी पुतणी आईबरोबर जाते आणि वही लिहिते. दुसऱ्या दिवशी योगायोगानं बैठक होती. मी पारावर पेपर वाचतोय असं दाखवत ऐकत बसलो.

पोरगी मोठ्यानं वाचत होती. अमक्या काकूंचं कर्ज पाच हजार, मुद्दल हजार आलं, व्याज शंभर, बाकी चार हजार. तमक्या मावशीचा हप्ता आला नाही, दंड दहा. "आगं, लेकाला ताप होता," मावशी म्हणाली. "मग ते कारणाच्या रकान्यात लिहिते, पण दंड लागतो," ही म्हणाली. कुणी हसलं नाही, कुणाला राग आला नाही. एका बाईनं नवं कर्ज मागितलं, शेळीसाठी. शेळी कितीची, चारा कुठून आणणार, मागचं फिटलं का, सगळ्यांसमोर विचारलं गेलं आणि तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. ज्या गोष्टीसाठी मी किराणा दुकानात गर्दी ओसरायची वाट बघायचो ती गोष्ट इथं बाया शेंगा फोडता फोडता चारचौघींत बोलत होत्या, आणि एक पाचवीतली मुलगी ती लाल रेघ मारून वहीत उतरवत होती. गटातही भानगडी होतात, थकबाकी होते, रुसवेफुगवे होतात; दोन गट याच गावात मोडलेत, मला माहीत आहे. तरी त्या ओसरीत कर्ज ही लपवायची वस्तू नव्हती.

नांदेडला परतल्यावर मी बायकोला म्हटलं, या महिन्याचा हिशेब मुलीसमोर करू. पगार किती, हप्ता किती, गावाकडं किती. ती आधी तयार नव्हती, "शाळेत सांगत बसेल सगळ्यांना" म्हणाली. शेवटी जेवणाच्या टेबलावर कागद मांडला. मुलीनं वरचा आकडा बघून डोळे मोठे केले, खाली येईपर्यंत लहान केले, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की गावाकडून जी डाळ, ज्वारी, तिखट येतं ते या कागदात कुठं आहे? आम्ही दोघांनीही एकमेकांकडं बघितलं. बाजारभावानं धरलं तर ते गावाकडं पाठवलेल्या पैशांच्या जवळपास जात होतं. हे मी भावाला अजून सांगितलेलं नाही.

परवा पुतणीचा फोन आला होता. वडिलांच्या फोनवरून, पण स्वतःच्या कामासाठी. मेथीच्या दोनशे चाळीसमध्ये तिला दोनशे साठ घालून गावरान कोंबडीची पिल्लं घ्यायची आहेत, पाचशेची. "काका, दोनशे साठ देता का? उसने नाही, कर्ज. चार महिन्यांत फेडते." मी म्हटलं, घे की, परत द्यायचीही गरज नाही. पलीकडं जरा वेळ काही नाही. मग ती म्हणाली, "तसं नका करू. मग वहीत काय लिहू? व्याज सांगा."

मी म्हटलं, शेकडा एक लाव. तर आतून तिच्या आईचा आवाज आला, गटात दोन आहे, काकाला एक कशाला, दीड सांग. आणि भाऊ त्याच्याही मागून ओरडला, पिल्लांच्या दाण्याचे पैसे आधी कुणाच्या नावावर मांडायचे ते ठरवा म्हणावं. दीडवर ठरलं आहे. दाण्याचं अजून चालू आहे.